तय्यब गादीवाल्याच्या रक्तातला धूर

१

चोरी झाली असती तर झुबेदाने शेजाऱ्यांवर संशय घेतला असता, खून झाला असता तर दिरांवर. पण या प्रकरणात काही गेलं नव्हतं आणि कुणी मेलंही नव्हतं. नुसता एक आकडा वाढला होता, तोही तिच्या नवऱ्याच्या रक्तात. त्यामुळे संशय घ्यायला घरात एकच माणूस उरला होता.

कळंबच्या धर्मादाय दवाखान्यात डॉक्टर शीला दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बसल्या होत्या. एचआयव्हीची औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या रक्तातली सूज मोजायचं काम पुण्याच्या काही लोकांनी हाती घेतलं होतं. त्यात या नवराबायकोनेही हात पुढे केले होते. तय्यबने चहा-बिस्कीट मिळतं म्हणून, झुबेदाने तय्यबने केले म्हणून.

"झुबेदाबाई, तुमचा सीआरपी, म्हणजे सुजेचा आकडा, एक. तो चांगला. तय्यबभाईंचा गेल्या वर्षी चार होता, मग सहा, आता नऊ."

"शाळेत असतो तर पेढे वाटले असते," तय्यब मास्कच्या आतून म्हणाला.

"पेढे नका वाटू. हा आकडा खालीच बरा."

"म्हणजे तो आतला परत उठला का?" झुबेदाने विचारलं. घरात विषाणूचं नाव घेत नसत. तो आतला, एवढंच.

"नाही ना. तो दोघांच्याही रक्तात सापडत नाही. गोळ्या नेमाने घेताय, हे रक्तच सांगतंय. पण तो कोंडलेला असला तरी शरीर थोडं धुमसत राहतं. थोडं सगळ्यांचंच. ज्यांचं असं चढत जातं त्यांना हृदयाचे, मेंदूचे, किडनीचे आजार लवकर गाठतात, असं दिसतंय. आकडा म्हणजे धूर. आग कुठे लागलीय ते तो सांगत नाही."

थोडक्यात, नेहमीचा गुन्हेगार कोठडीत होता, कोठडीला कुलूप होतं, किल्ली झुबेदाच्या पदराला होती, आणि तरी गावात जाळपोळ चालूच होती.

डॉक्टरांनी उलटतपासणी सुरू केली. खोकला? नाही. ताप? नाही. वजन? आहे तेच. पोट? साफ. दात? ठणठणीत. तंबाखू? कधीच सोडली. छातीचा फोटो स्वच्छ, टीबीची तपासणी स्वच्छ. तय्यब इतक्या झटपट उत्तरं देत होता की डॉक्टरांना मागे पडल्यासारखं वाटलं.

"कापसाची धूळ?"

"मास्क असतो की," तो म्हणाला आणि पुरावा म्हणून त्याने तो नाकावर आणखी वर चढवला.

"बघा, याला म्हणतात पेशंट," डॉक्टर म्हणाल्या. मग त्या झुबेदाकडे वळल्या. "मला एक कोडं पडलंय. एक घर, एक चूल, एकच पाणी, गोळ्याही त्याच. तरी एकाचा आकडा एक आणि एकाचा नऊ. म्हणजे असं काहीतरी आहे जे यांच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही."

झुबेदाने नवऱ्याकडे पाहिलं. अशी एकच गोष्ट तिला सुचली, आणि ती कुठल्याही बायकोला सुचू नये अशी होती.

२

जुन्नरची माणसं या औषधासाठी जुन्नरला जात नाहीत. ती आंबेगाव तालुक्यात, कळंबला जातात. आंबेगावची जुन्नरला येतात. सकाळी नारायणगावच्या स्टँडवर दोन एसट्या समोरासमोर उभ्या राहतात, आणि दोन्हींतली काही माणसं खिडकीतून भलतीकडेच बघत बसतात. या बिननावाच्या अदलाबदलीने कंडक्टरचं पोट भरतं, पण त्याला ते ठाऊक नाही.

जुन्नरच्या बाजारात मात्र विचारणारे असतातच. तय्यबभाई, कळंबला काय काढलंय? त्यांच्यासाठी तय्यबने फार पूर्वीच एक आजार निवडून ठेवला होता. शुगर. अब्रूदार आजार. ज्याला होतो त्याने आयुष्यात कधीतरी पोटभर खाल्लंय, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

अडचण एवढीच झाली की तय्यबच्या गाद्यांच्या दुकानाशेजारच्या सुभाषचंद किराणावाल्याला शुगर खरोखरच होती. परमुलखात गाववाला भेटावा तसा तो तय्यबला बिलगला. तेव्हापासून रोज सकाळी दोन कप बिनसाखरेचा चहा, आणि सुभाषचंदच्या सुनेने काढून दिलेला कारल्याचा रस. तय्यब, ज्याला शुगर नव्हती, तो सगळं मुकाट पीत आला होता. घरी येऊन गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि कारलं विसरायचा.

कुणाकडून कुणाला आलं, हा प्रश्न नवराबायकोने निदान झालं त्या आठवड्यात एकदाच काढला होता. तय्यब तोंड उघडणार तेवढ्यात झुबेदा म्हणाली होती, "राहू द्या. उत्तर मिळालं तर त्याचं लोणचं घालायचंय का?" ते प्रकरण तिने स्वतः बंद केलं. मुलगा दानियाल निरोगी निघाला, पुण्यात नोकरीला लागला. ही दोघं मागे राहिली, गोळ्यांच्या वेळा पाळत, एकमेकांना आठवण करून देत, एकाच चालीने म्हातारी होत.

आणि आता एक जण पुढे निघाला होता. नऊच्या आकड्याचा अर्थ झुबेदाने तेवढाच लावला. तिला नवऱ्याच्या मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही, पण त्याहून मोठी भीती होती ती मागे उरण्याची. ज्याला सगळं माहीत आहे असं माणूस जगात एकच होतं.

तिने बसमध्ये डोळे मिटून आठवायला घेतलं. वर्षभरापासून तय्यब रात्री तिच्याकडे पाठ करून झोपतो. आधी झोपत नसे. वर्षभरापासून तो कमी बोलतो. आणि दर रविवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, दुकानातून थोडा वेळ नाहीसा होतो.

ती गाद्यांचे अभ्रे शिवायची. शिवण कुठे उसवली ते बाहेरून कळत नाही, अभ्रा उलटा करावा लागतो. तिने नवऱ्याला उलटा करायचं ठरवलं.

३

"या भाभी," सुभाषचंद गल्ल्यामागून म्हणाला. "चहापत्ती संपली वाटतं."

"चहापत्ती आहे. तुमच्या दोस्ताचं विचारायला आले. वागणं कसं आहे हल्ली?"

"वागणं? शिस्त म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं. मी आपला घसरतो अधूनमधून. पेढ्याचा तुकडा, हर्षाची नजर चुकवून. सून दाताची डॉक्टर असली की माणसाला घरात चोर व्हावं लागतं. पण तय्यब नाही. परवा लग्नात जिलबीचं ताट समोर आलं, तर राव, डोळेच मिटले त्याने. दुखल्यासारखे."

"आणि कापसाची धूळ?"

"मास्क असतो की त्याला." सुभाषचंद थांबला. त्याच्या कपाळावर हिशोब चुकल्यावर येते तशी आठी आली. "एक गंमत सांगू का? पिंजायचं मशीन धडधडत असतं, सगळीकडे कापूस उडतोय, तेव्हा मास्क गळ्यात. मशीन बंद केलं, गिऱ्हाइकाशी बोलायला पुढे आला, की नाकावर. मी म्हटलं, अरे बाबा, तू उलटं करतोयस. तर म्हणतो, कापूस माझा जुना दोस्त आहे, भरवसा माणसांचा नाही."

झुबेदाने ते मनात टाचून ठेवलं.

"आणि रविवारी कुठे जातात?"

सुभाषचंद अचानक तराजू पुसू लागला. इलेक्ट्रॉनिक तराजू, त्यावर धुळीचा कणही नव्हता.

"ते मला नका विचारू, भाभी."

"का?"

"आमची दोस्ती आहे."

"आणि माझं लग्न आहे."

सुभाषचंदने तराजू पुसणं थांबवलं. "बाई आहे," तो हळूच म्हणाला. "बाजाराच्या टोकाला बसते. तळेघरची आहे म्हणतात."

४

रविवारी झुबेदा बाजाराच्या टोकाला गेली तेव्हा तिच्या मनात त्या बाईचं एक चित्र तयार होतं. त्यात काजळ होतं आणि हिरव्या बांगड्या होत्या. प्रत्यक्षात तिथे हिरडे, मुळ्या आणि सालींच्या जुड्या मांडून बायडाबाई बसली होती, जी झुबेदाच्या आईच्या वयाची होती आणि जिने तिच्याकडे पाहताच ओळखलं.

"तू तय्यबची मालकीन व्हय? ये, बस. त्यो आत्ताच गेला."

"काय करतात इथे येऊन?"

"बसतो. साल नेतो बाभळीची. लई गुनाचा मानूस. भाव करत न्हाई."

"साल? कशाला?"

"त्ये न्हाई सांगनार. आईची शपथ घातलीया त्यानं मला."

"तुमच्या आईची?"

"माझी आय कवाच गेली. शपथ घालाया जित्ती कशाला पायजे?" बायडाबाईने एक जुडी सोडून पुन्हा बांधली. "पर म्या त्याला म्हनलं व्हतं. बाबा, सालीनं आवळून येतं, वरवर बरं वाटतं. मुळातनं न्हाई जात. डागदरला दाव."

"कुठल्या डॉक्टरला?"

बायडाबाई बोलायला गेली आणि तिने झटकन पदर तोंडावर धरला. "बग की. आत्ता मोडली असती शपथ."

झुबेदाने रस्त्याच्या कडेला उभं राहून डॉक्टर शीलांना फोन लावला. बाभळीच्या सालीने आकडा वाढतो का?

"सालीने? मला नाही वाटत," डॉक्टर म्हणाल्या. "पण साल हे उत्तर नाही, झुबेदाबाई. ती कशासाठी लागते, ते उत्तर आहे."

फोन ठेवून झुबेदा तिथेच उभी राहिली. समोर एक पोरगी उसाचा तुकडा दातांनी सोलत होती. झुबेदाने तिच्याकडे इतकं टक लावून पाहिलं की पोरगी ऊस घेऊन आईमागे लपली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तय्यब जेवायला घरी आला. ताटात बाजरीची भाकरी, वाटीत कालवण. त्याने भाकरी कुस्करली, कालवणात बुडवली आणि ती विरघळायची वाट बघत बसला.

"दानियालचे अब्बा," झुबेदा म्हणाली, "बाजारात तुम्हाला शुगर आहे."

"आहे."

"घरात तुम्हाला शुगर नाही."

"नाही."

"बाजारात जिलबी बघून डोळे मिटलेत, ते मी समजले. तिथे सुभाषभाई होते. पण ईदला शीरखुर्म्याची वाटी माझ्यासमोर तशीच ठेवलीत. पोट भरलंय म्हणालात. गुळाचा डबाही कितीतरी महिने मी भरला नाही. घरात नाटक कुणासाठी चाललं होतं?"

तय्यबने घास उचलला आणि परत ठेवला.

"मास्क. कापूस उडतो तेव्हा गळ्यात, माणूस आला की नाकावर. म्हणजे तो धुळीसाठी नव्हताच. कापसापासून तुम्हाला काही लपवायचं नव्हतं, माणसांपासून होतं." ती थांबली, मग पुढे बोलली. "ही भाकरी. तुम्ही कडक भाकरीचा आवाज करून मला छळायचात. वर्ष झालं, आवाज बंद आहे. मला वाटलं, माझं कालवण आवडायला लागलं. एवढी वर्षं संसार करून मी असा गैरसमज करून घेतला."

"कालवण चांगलंच असतं," तय्यब म्हणाला.

"आणि बाभळीची साल. ती दुकानात चहाच्या स्टोव्हवर उकळता ना? बाभळीच्या काड्यांनी आमचे अब्बा काय करायचे ते मला रस्त्यात उभं राहून आठवायला लागलं. गोड लागत नाही, कडक चावत नाही, साल उकळून लागते आणि माणूस जवळ आला की झाकून घ्यायचं." तिने वाटी बाजूला सरकवली. "रात्री पाठ करून झोपता, तेही त्यातलंच आहे, असं मी धरून चालले आहे. नसेल तर मला आत्ताच सांगा."

तय्यबने ताटातला हात काढून घेतला.

"उजेडात या," ती म्हणाली. "तोंड उघडा."

६

उंबऱ्यात, दुपारच्या उन्हात, झुबेदाने नवऱ्याच्या तोंडात वाकून पाहिलं. हिरड्या लाल, सुजून दातांवर चढलेल्या. मागच्या दोन दाढा काळ्या, त्यातली एक हलत होती. वासही आला. तिने तोंड फिरवलं नाही.

"कधीपासून?"

"आता कधीपासून काय. आधी रक्त यायचं. मग हे."

"मला का नाही सांगितलं?"

"वास येतो. तू काही बोलली नसतीस, मला माहीत आहे. म्हणूनच." त्याने उंबऱ्याकडे बघत सांगितलं. "पाठ केली की तुला त्रास नाही."

झुबेदाने पदराने त्याची हनुवटी पुसली. मग ती म्हणाली, "मी इकडे बाई शोधत फिरत होते."

"सापडली का?"

"बायडाबाई."

तय्यब हसला आणि लगेच गाल धरून बसला.

डॉक्टर शीलांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "हिरड्यांची जुनी सूज रक्तात उतरते. एवढा आकडा चढायला ती पुरू शकते. दातांचं विचारलं होतं मी. ते ठणठणीत म्हणाले आणि मी मास्कचं कौतुक करत बसले. तो काढायला सांगायला हवा होता." मग त्यांनी बजावलं, "पण आपण बरोबर आहोत की नाही, ते आकडा उतरल्यावरच कळेल. दाताच्या डॉक्टरकडे जा, आणि सगळं सांगून जा."

"चला," झुबेदाने चप्पल घातली. "हर्षा वरच बसते, सुभाषभाईंच्या दुकानाच्या डोक्यावर."

"म्हणूनच तर गेलो नाही."

"ती हाकलून देईल म्हणून? आतल्याचं ऐकून?"

"ते पुढचं. ती आधी बोटाला सुई लावते. शुगरवाल्याच्या दाढेला साखर बघितल्याशिवाय हात लावत नाही. स्वतःच सांगितलंय तिने मला जिन्यात अडवून, चाचा, या एकदा. माझ्या बोटात साखर कुठून काढू? खाली सुभाषचंद बसलेला. तो विचारणार, मग कळंबला कशाला जातोस?"

झुबेदा चपलेसकट खाली बसली. खऱ्या आजारावर औषध होतं. खोट्या आजारावर नव्हतं.

"दुसऱ्या गावात जायचं."

"गेलो होतो, वारूळवाडीला. दारातली पाटी वाचली. मंगळवार आणि शुक्रवार, डॉक्टर हर्षा."

७

हर्षाने खुर्चीचा दिवा लावला, तेवढ्यात झुबेदा म्हणाली, "पोरी, आधी ऐक. मग वाटलं तर विझव."

तिने सांगितलं. एवढ्या वर्षांत तिने हे शब्द कळंबच्या दवाखान्याबाहेर प्रथमच उच्चारले. वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी वेळात बोलून संपले. तय्यब खुर्चीत आडवा होता. पळायची सोय नव्हती.

"व्हायरल लोड?" हर्षाने विचारलं.

"सापडत नाही म्हणतात."

"गोळ्या कुठल्या, सगळ्या सांगा. वेदनाशामक कुठलं द्यायचं ते बघावं लागेल." तिने हातमोजे चढवले. "चाची, या खुर्चीत अर्धा बाजार बसून जातो आणि कुणाला काय आहे ते मला कुणी सांगत नाही. म्हणून हातमोजे सगळ्यांना, हत्यारं सगळ्यांसाठी तशीच निर्जंतुक केलेली. चाचांचं निदान मला माहीत तरी आहे. आ करा, चाचा."

"सुभाषचंदला..." तय्यबने तोंड उघडण्याआधी विचारलं.

"पप्पांना काय सांगायचं ते तुमचं. मी दाताची डॉक्टर आहे, बाजारातली नाही."

हिरड्या साफ करायला कितीतरी खेपा लागल्या. दोन दाढा गेल्या. शेवटची खेप झाली त्या सकाळी तय्यब जिना उतरून सरळ सुभाषचंदसमोर जाऊन बसला आणि मास्क काढून त्याने सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं आली, सुभाषचंदने हाताने परत पाठवली.

"म्हणजे तुला शुगर नाही," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"कधीच नव्हती."

"नाही."

"मग कारल्याचा रस?"

"प्यायलो की."

"अरे, पण का?"

"तू एकटा कसा पिणार?"

सुभाषचंद वळला आणि फळीवरचे उदबत्तीचे पुडे नीट लावू लागला. ते नीटच होते. पाठ तशीच ठेवून तो म्हणाला, "आजाराचं माझ्या तोंडून कुठे जाणार नाही. ते सोड. पण मी तुला आपल्यातला समजून एवढी वर्षं माझ्या शुगरची दुखणी सांगत आलो, त्याचं काय? त्याबद्दल माफ करायचं की नाही, ते मी ठरवून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्याने सकाळी पहिली हाक मारली ती तय्यबलाच, पण माफीचा विषय आजतागायत काढलेला नाही.

पुढच्या तपासणीला कळंबला दोघं गेली तेव्हा झुबेदा धास्तीने रिकाम्या पोटी होती, तिला तसं सांगितलेलं नसताना. डॉक्टर शीलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"झुबेदाबाई, एक. तय्यबभाई, दोन."

झुबेदाने तो आकडा स्वतः बोट लावून पाहिला.

"आग दातांतच होती, असं आता म्हणायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण गॅरंटी मी देत नाही. वय वाढतंय, हा आजार आहेच. चालायला जा, बीपी बघत राहा, सहा महिन्यांनी हिरड्या दाखवा. आकडा पुन्हा चढला तर पुन्हा शोधू."

"मागेपुढे कोण आहे आता?" झुबेदाने विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. "जवळजवळ बरोबरच चाललाय," त्या म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावर नाशिककडून येणाऱ्या गाड्यांचा धुरळा होता. एसटीचा पत्ता नव्हता.

"तरी तुझ्यापेक्षा एकने जास्तच आहे माझा," तय्यब म्हणाला.

"तेवढा चालेल. नवरा एक पाऊल पुढे असला तर चारचौघांत बरं दिसतं." झुबेदाने त्याची बाही धरली. "पण एकच."

एसटी आली, थांबली, दोघं चढली, जागा मिळाली, तरी तिने बाही सोडली नाही.